कॅन्सरच्या उपचारात वजन टिकवायचं कसं: तोंडा-घशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं की सुरुवातीलाच रुग्णाच्या चेहऱ्याचा मास्क बनवतात. प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात, आणि थंड झाली की ती त्याच आकारात घट्ट होते. रोज त्या मास्कखाली रुग्णाचं डोकं हलू देत नाहीत, म्हणजे किरण दरवेळी नेमक्या जागी पडतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रुग्णाचं वजन सहा-सात किलोनं उतरलं की गाल बसतात, मान बारीक होते आणि मास्क सैल पडतो. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा मास्क, पुन्हा सगळी आखणी. त्यात दिवस मोडतात, आणि या आजारात रेडिएशनमध्ये पडलेला खंड फार महागात पडतो.

कॅन्सरच्या रुग्णांच्या आहाराचं काम मी करते. रुग्णाच्या घरच्यांना पहिल्या भेटीत मी एवढंच सांगते की उपचार संपेपर्यंत वजन टिकवणं हे तुमचं काम, आणि ते औषधाइतकंच मोलाचं आहे. आपल्याकडे नेमकं उलट घडतं. आजाराचं नाव कळलं त्या दिवसापासून घरात पथ्य सुरू होतं. साखर बंद, दूध बंद, तेल-तूप बंद, अंडं बंद. कुणी सांगितलं म्हणून, मोबाइलवर आलं म्हणून. ज्याला जास्त खायची गरज आहे त्याचंच ताट रिकामं होतं.

पुढचं सगळं तोंडा-घशाच्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. महाराष्ट्रात तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे हे रुग्ण फार, आणि खाण्याचे सर्वांत जास्त हालही यांचेच होतात. बाकीच्या कॅन्सरमध्येही यातलं बरंचसं लागू पडतं. स्तनाच्या कॅन्सरची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती शेवटाकडे येईल.

उपचार सुरू होण्याआधी

तपासण्या, रिपोर्ट, कागदपत्रं यात दोन-तीन आठवडे जातात. हे दिवस वाया घालवू नका. आधी एक वही करा. पहिल्या पानावर आजचं वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन लिहा. जुनं वजन आठवत नसेल तर कपड्यांवरून अंदाज येतो: पट्ट्याची कितवी भोकं लागतात, ब्लाउज किती सैल झाला, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन गेलं असेल तर ते कुपोषण आहे, आणि ते डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं. ६० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे ३ किलो.

जाड माणसाचं वजन उतरलं की घरचे म्हणतात, "बरंच झालं, तसंही कमी करायचंच होतं." तसं नसतं. आजारात उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते जाड माणसाच्या बाबतीत बाहेरून दिसत नाही. स्नायू गेले की केमो झेपत नाही, जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग पटकन होतो. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर काटा फसवतो. अशा वेळी दंड आणि मांड्या बघा.

मग दातांचा डॉक्टर. तोंडाच्या भागात रेडिएशन घ्यायचं असेल तर किडलेले, हलणारे दात आधीच काढून घ्यायचे आणि जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायचे. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते, तेव्हा दात काढणं धोक्याचं ठरतं. तंबाखू, मिश्री, दारू त्याच दिवशी बंद. बायका मिश्रीला व्यसन मानत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तरी सांगत नाहीत. त्यांना वेगळं, शांतपणे विचारा.

गुटख्यामुळे ज्यांचं तोंड आधीच कमी उघडतं, त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून जबड्याचे व्यायाम आत्ताच शिकून घ्यावेत. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जात असतील तर तोंड नीट उघडतं असं समजायचं. बोटच जेमतेम जात असेल तर पुढे चमचाही जाणार नाही.

ऑपरेशन ठरलं असेल आणि वजन बरंच उतरलं असेल, तर आधी ७ ते १४ दिवस नीट पोषण देऊन मग ऑपरेशन करणं बरेचदा हिताचं असतं. हे सर्जनना विचारायला संकोचू नका.

किती खायचं

साधा हिशोब: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कॅलरी जमतात, प्रथिनांना आपलं ताट कमी पडतं. दोन पोळ्या, भाजी, भात आणि पातळ वरण खाऊन पोट भरतं, पण प्रथिनं २०-२५ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत. म्हणून घरातल्या मापांनी मोजायला शिका. अंडं ६ ग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिली दूध ६ ते ७ ग्रॅम. साय काढलेल्या दुधाची पावडर १५ ग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम. ३० ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण ७ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर ९ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. दह्याची वाटी ५ ग्रॅम. चिकन किंवा मासे १०० ग्रॅम म्हणजे साधारण २० ग्रॅम.

यावरून एक दिवस मांडून बघू. सकाळी दूध पावडर घातलेलं पेलाभर दूध, नंतर दोन अंडी. दुपारी मऊ भात, घट्ट वरण, वरून तूप, वाटीभर दही. चार वाजता शेंगदाण्याचा लाडू. संध्याकाळी पनीर. रात्री डाळ जास्त घातलेली मुगाची खिचडी आणि झोपताना पुन्हा दूध. ७० ग्रॅम सहज होतात. माळकरी किंवा अंडं न खाणाऱ्या माणसाला अंडं खाण्यासाठी गळ घालू नका. पनीर, चक्का, दूध पावडर, डाळी आणि सोयाबीनवर तोच आकडा गाठता येतो. महागडे पावडरचे डबे परवडत असतील आणि चालत असतील तर हरकत नाही, पण त्यांच्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

सोलापूरकडचे एक काका होते. केमो-रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यातच हाडं वर आलेली. काकू म्हणाल्या, "ताई, दिवसभर देतेच की मी. अर्ध्या तासाला काहीतरी असतंच." मी म्हटलं, काय देता ते दाखवा. त्यांनी पिशवीतून डबा काढला. वरण निवत ठेवून वरचं निवळ पाणी गाळून घेतलेलं, डाळ सगळी मागे पातेल्यात राहिलेली. बाकी मोसंबीचा रस, शहाळं, सूप. काका दिवसाला दोन लिटर पीत होते आणि उपाशी होते. काकूंच्या कष्टात काहीच कमी नव्हतं. मग तेच वरण घोटून, डाळीसकट मिक्सरला लावून, चमचाभर तूप घालून द्यायला सुरुवात केली. डाळीचं पाणी, पायाचं सूप, शहाळं, सफरचंदाचा रस यांनी पोट भरतं, अंगाला लागत नाही. भेटायला येणाऱ्यांना शहाळ्याऐवजी अंडी, पनीर, शेंगदाणे आणायला सांगा. वाईट वाटून घेऊ नका, स्पष्ट सांगा.

तोंड आल्यावर

रेडिएशन सहसा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड यायला लागतं. आधी लाली, मग पांढरे चट्टे, मग घास गिळवेनासा होतो. लाळ घट्ट, चिकट होते, चव जाते. याच आठवड्यात वजन धडाधड उतरतं, म्हणून त्याच्या आधीच तयारी हवी.

तोंड स्वच्छ ठेवणं हे आहाराचंच काम. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. यानं दर दोन-तीन तासांनी, आणि खाण्याआधी व नंतर गुळण्या करायच्या, गिळायचं नाही. रोज ताजं पाणी करा. अल्कोहोल असलेलं बाजारी माउथवॉश टाळा, आग होते. डॉक्टरांनी वेदना कमी करायचं औषध दिलं असेल तर ते जेवणाच्या अर्धा तास आधी द्या. लोक "शक्यतो सहन करू" म्हणून गोळी घेत नाहीत, मग जेवतही नाहीत. इथे गोळी घेतल्यानंच पोटात अन्न जातं.

तिखट, आंबट, खारट, कडक, गरम या पाचही गोष्टी दूर. लिंबू, टोमॅटो, कोकम, चिंच, सोलकढी या दिवसांत नकोच. गुरगुट्या भात, खिमट, तांदळाची उकड (मिरची-ताक न घालता), दुधातलं नाचणी सत्त्व, रव्याची पातळ खीर, सातूचं पीठ दुधात कालवून, मऊ पिठलं तिखटाशिवाय, घोटलेलं केळं, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, अंड्याचं कस्टर्ड. सगळं कोमट किंवा गार. प्रत्येक पदार्थात काहीतरी मिसळायचं: चमचाभर तूप (४५ कॅलरी), दूध पावडर, शेंगदाण्याचं बारीक वाटलेलं कूट. पाण्याच्या जागी दूध वापरलं तरी फरक पडतो. एका वेळी वाटीभर, पण दिवसातून सात-आठ वेळा. भूक लागेल तेव्हा देऊ असं म्हणून चालत नाही. अन्नावरची वासना उडालेली असते, भूक लागतच नाही. घड्याळ लावा, औषध देतो तसं द्या.

एक वेगळी सूचना: आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर गार पदार्थांनी घशात, हातात झिणझिण्या येतात. त्या रुग्णांना आइस्क्रीम, फ्रीजचं पाणी देऊ नका.

नळी लावू का?

हा प्रश्न ऐकला की घरातलं वातावरण बदलतं. नाकातून नळी म्हणजे शेवटचं, असं लोकांच्या मनात बसलेलं आहे. तसं अजिबात नाही. तोंडाने गरजेच्या निम्म्याहून कमी जात असेल आणि तोंड बरं व्हायला अजून काही आठवडे असतील, तर नळी हा रेडिएशन पूर्ण करण्याचा मार्ग आहे. बरे होऊन घरी जाणारे कितीतरी रुग्ण मध्ये काही आठवडे नळीवर असतात. उशिरा लावण्यापेक्षा वेळेवर लावलेली बरी. आठ-दहा किलो गेल्यावर लावली तर गेलेलं वजन उपचार चालू असताना सहसा परत येत नाही.

नळीतून देण्याची साधी कृती: २०० मिली दूध, १० ग्रॅम दूध पावडर, १० ग्रॅम शिजवलेलं नाचणी सत्त्व, एक चमचा तेल, दोन चमचे साखर. मिक्सरला लावून बारीक गाळणीने दोनदा गाळायचं. यातून साधारण २८० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं मिळतात, दिवसातून सहा वेळा दिलं की बऱ्याच रुग्णांचं भागतं. मधुमेह असेल तर साखर वगळा आणि प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

देताना हा क्रम पाळा:

१. साबणाने हात धुवा, नळीवरची खूण नाकाशी पहिल्याच जागी आहे का बघा. सरकलेली वाटली तर काहीही देऊ नका, रुग्णालयात दाखवा.
२. रुग्णाला बसवा, निदान उशा लावून अर्धवट उठतं करा. आडवं असताना कधीच नाही.
३. आधी ३० मिली पाणी. मग सिरिंजचा दट्ट्या काढून अन्न वरून ओता आणि आपोआप उतरू द्या. जोर लावून ढकलू नका. २०० ते २५० मिली उतरायला १५-२० मिनिटं लागली पाहिजेत.
४. पुन्हा ३० मिली पाणी, मग नळी बंद. तासभर आडवं होऊ देऊ नका.
५. मध्येच खोकला लागला, दम लागला किंवा उलटीसारखं झालं तर लगेच थांबवा.

गोळ्या कुटून घालण्याआधी डॉक्टरांना विचारा, सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत. नळी निघून आली तर घरी घालायचा प्रयत्न नको. आणि नळी असली तरी डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोज थोडं पाणी, थोडी पेज तोंडाने गिळत राहायचं. आठवडेच्या आठवडे गिळलंच नाही तर घशाचे स्नायू ते काम विसरतात.

केमोचे दिवस

मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी. सांगितलेल्या वेळी, आधीच घ्या. सकाळी उठल्या-उठल्या कोरडं काहीतरी: खाकरा, टोस्ट, कुरमुरे (तोंड आलेलं नसेल तर). फोडणीचा वास सहन होत नसेल तर स्वयंपाक चालू असताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा आणि पदार्थ गार करून द्या. तोंडात लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा वापरा. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर किडनीसाठी पाणी भरपूर लागतं. किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मळमळीच्या आणि वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, ते लाजून लपवू नका, त्यावर औषध आहे. जुलाब लागले तर ओआरएस, तांदळाची पेज, दहीभात, केळं.

बऱ्याच केमोंमध्ये सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा पाणीपुरी, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस, कच्ची मोडं, कच्चं अंडं नको. दूध उकळून, अंडं पूर्ण शिजवून, अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवलेलं नसावं. फळं धुऊन, सोलून चालतात. घरी ताजं लावलेलं दही बहुतेकांना चालतं, तरी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर रात्र असली तरी रुग्णालयात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

गावाहून मुंबईत येऊन राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे अनेक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा जवळपास खोली घेऊन राहतात. स्वतःची चूल नसते किंवा वेळ नसतो. येताना गावाहून सातूचं पीठ, नाचणी सत्त्व, शेंगदाण्याचं कूट आणि मेतकूट भरून आणा. मुंबईत दूध, दूध पावडर, केळी आणि अंडी कुठेही मिळतात, आणि एक विजेची किटली असली की यातलं बहुतेक जमतं.

साखर, गुळवेल आणि उपवास

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, असं सगळीकडे सांगतात. गाठीच्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं आहे, पण ताटातली साखर काढल्यानं त्यांचं ग्लुकोज बंद होत नाही. गरज पडली की शरीर स्नायू मोडून ग्लुकोज बनवतं. म्हणजे हानी रुग्णाचीच. मधुमेह असेल तर साखर जपायलाच हवी, शिवाय केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढते. तेव्हा जेवण कमी करू नका, औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून बदलून घ्या.

गुळवेल, काढे, कुणाच्या तरी ओळखीतून आलेली पुडी हे उपचार चालू असताना नको. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. केमोचा भार यकृतावर आधीच असतो. आमटीतली हळद चालते. हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

संकष्टी, एकादशी, सोमवार. विशेषतः आया आजारपणातही उपास सोडत नाहीत, उलट नवस बोलून नवे धरतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता घरातल्या दुसऱ्या कुणी तो उपास उचलावा, असं मी सुचवते, आणि बहुतेक जणी हे मान्य करतात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये

इथे उलटी अडचण येते. स्टेरॉइड, कमी हालचाल, पाळी थांबणं आणि घरच्यांचं प्रेमाने खाऊ घालणं यामुळे वजन वाढतं, तरी स्नायू मात्र कमी होतात. अशा वहिनींना, मावशींना बदामाचा शिरा आणि डिंकाचे लाडू रोज देऊ नका. प्रथिनं तेवढीच ठेवा, तळण आणि गोड कमी करा, भाजी-कोशिंबीर वाढवा, आणि झेपेल तसं रोज चाला. केमो चालू असताना कडक डाएट करू नका. वजन कमी करायचं असेल तर ते उपचार संपल्यावर, सावकाश. आहारातलं सोयाबीन माफक प्रमाणात चालतं, त्याच्या गोळ्या-कॅप्सूल नकोत.

हालचाल सगळ्यांनाच हवी. खाल्लेलं प्रथिन स्नायूत जायला स्नायूला काम लागतं. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, दिवसातून दोनदा, हे खोलीतसुद्धा होतं.

रेडिएशनचा शेवटचा दिवस

त्या दिवशी घरी पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी आमटी-भाकरी वाढतात. थांबा. किरण बंद झाल्यावरही तोंड आणखी दोन-तीन आठवडे आलेलंच राहतं, काहींचं पहिल्या आठवड्यात अजून वाढतं. गुळण्या, घड्याळ लावून खाणं, वही हे सगळं तसंच चालू ठेवा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, तेच हलके कपडे घालून. सलग दोन आठवडे उतरताना दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

मग हळूहळू घट्ट पेज, मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी, शेवटी भाकरी. नळी असेल तर तोंडाने पुरेसं जायला लागून काही दिवस वजन स्थिर राहिल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा काढायची. तोंडाला कोरड बरेच महिने राहते. पाण्याची बाटली जवळ, जेवणात कढी-आमटी-तूप जास्त, आणि दातांच्या डॉक्टरकडे नियमित जाणं, हे पुढेही सोडू नका.